तर्जनीखालची रेघ

डॉक्टर मुल्लांनी ताईची डावी तर्जनी दोन बोटांत हलकेच धरली आणि डोळे मिटून घेतले. नाडी बघायला वैद्य बसतो तशा त्या बसून राहिल्या. मी पलंगाच्या पायथ्याशी उभा होतो. व्हेंटिलेटर ठरल्या लयीत ताईच्या छातीत हवा ढकलत होता. खोलीत दुसरा आवाज नव्हता.

"इथं काहीतरी आहे," बऱ्याच वेळानं त्या म्हणाल्या. "डोळ्यांना दिसत नाही. हाताला कधी लागतं, कधी नाही. मी तिला बोट दाब म्हणते, तेव्हा इथं किंचित काहीतरी येतं. माझा भासही असेल. तुम्ही इंजिनिअर ना? भास आहे की खरं, हे सांगणारं एखादं यंत्र आहे का तुमच्याकडे?"

मी म्हणालो, आहे. ते माझ्या बॅगेतच होतं.

माझी ताई, सुलक्षणा, इस्लामपूरच्या एका शाळेत खेळाची शिक्षिका होती. कॉलेजात असताना ती जिल्ह्याच्या खो-खो संघाची कप्तान होती, आणि पुढंही मुलींबरोबर पळताना तीच पुढं असायची. लग्नाला खूप वर्षं झाली, दवाखाने झाले, उपास झाले, आणि सगळ्यांनी आशा सोडल्यावर तिला दिवस गेले. चौथा महिना सरत आला होता. एका सकाळी मैदानावर तिच्या पायांना मुंग्या आल्या आणि ती खाली बसली, ती स्वतःहून उठली नाही. आठवड्याच्या आत पाय गेले, हात गेले, गिळणं गेलं, मग श्वास गेला. शेवटी पापण्याही गेल्या. डोळे कोरडे पडू नयेत म्हणून सिस्टर त्यांवर चिकटपट्टी लावून ठेवत.

रोगाचं नाव जीबीएस. शरीर आपल्याच नसांवर उलटतं. डॉक्टर मुल्लांनी आम्हाला पहिल्याच दिवशी बजावलं होतं, की मेंदूला काही झालेलं नाही. ती जागी आहे. तिला सगळं ऐकू येतं, सगळं कळतं. नसा हळूहळू परत येतात, बहुतेकांच्या येतात, पण किती महिने लागतील ते सांगता येत नाही.

तेव्हापासून आम्ही तिच्याशी बोलत होतो. आई स्तोत्रं म्हणायची. दाजी, म्हणजे ताईचे मिस्टर विलासराव, शाळेतल्या बातम्या सांगायचे. मी पुण्याहून आलो की तिच्या कानाशी वाकून बाळाबद्दल बोलायचो. दुसरं काय बोलावं ते मला सुचत नसे. दिवस गेल्याचं तिनं दाजींच्या खालोखाल मलाच सांगितलं होतं, फोनवर, दबक्या आवाजात, कुणाला कळू नये म्हणून. तो आवाज माझ्या कानात होता.

मग तिच्या फुप्फुसात जंतू झाले आणि डॉक्टरांनी आम्हा तिघांना बोलावून घेतलं. त्यांनी काही लपवलं नाही. गर्भ काढला म्हणून नसा लवकर बऱ्या होणार नाहीत, त्या म्हणाल्या. ठेवला तर पुढचे महिने या छातीवर दोन जिवांचा भार राहील. तो पेलेलही, न पेलेलही. मी अशा बायका दोन्ही बाजूंनी वाचलेल्या पाहिल्यात आणि दोन्ही बाजूंनी गेलेल्याही. शिवाय कायद्यानं घातलेली मुदत जवळ आली आहे. ती शनिवारी संपते.

दाजी लगेच म्हणाले, मला सुलू हवी. बाकी काही नको. कुठं सही करू?

आई म्हणाली, सही करशील, आणि उद्या ती उठून बसली आणि पोटाला हात लावला तर काय सांगशील? त्या मुलासाठी तिनं काय काय केलं ते मी बघितलंय. मूल गेल्याचं कळलं तर ती उठणारच नाही.

दोघंही रडत होते. दोघांनाही तिच्या मनातलं पक्कं माहीत होतं. मनातून मी आईच्या बाजूचा होतो.

डॉक्टर शांतपणे म्हणाल्या, "तुमच्यापैकी कुणाचीच सही चालणार नाही. ती सज्ञान आहे आणि शुद्धीत आहे. मला तिचं उत्तर हवं."

त्यानंतर त्यांनी मला एकट्याला आत नेलं आणि ती तर्जनी दाखवली.

मी तेव्हा भोसरीतल्या एका कंपनीत वॉशिंग मशीनच्या टच पॅनेलवर काम करायचो. नवी चिप बाजारात आली, की ती बनवणारे तिच्याबरोबर एक चाचणीचा बोर्ड पाठवतात. त्यावर फोनच्या बटणांसारखे बारा तांब्याचे चौकोन असतात. दाबायचं काहीच नसतं. बोट जवळ आलं की चौकोनाच्या विजेत किंचित फरक पडतो, तो चिप मोजते आणि लॅपटॉपवर त्याची रेघ उमटते. रेघ ठरलेल्या मर्यादेच्या वर गेली की बोर्डावरचा हिरवा दिवा लागतो. ती मर्यादा कुठं ठेवायची, यातच सगळं कौशल्य. वर ठेवली तर बोट कळत नाही. खाली ठेवली तर माशी बसली तरी दिवा लागतो. असा एक बोर्ड जुळवून द्यायचं काम माझ्याकडं होतं, म्हणून मिरजेच्या या दवाखान्यात येताना तो मी बरोबर आणला होता.

दुपारी मी मांडामांड केली. लॅपटॉपचा चार्जर काढून टाकला, कारण चार्जरमुळं रेघ थरथरते. ताईच्या हाताखाली घडी घातलेला टॉवेल ठेवला, त्यावर बोर्ड, आणि तिची तर्जनी एका चौकोनावर टेकवून मनगटाला हलकं बँडेज बांधलं. बाकीचे चौकोन मोकळे राहिले. ड्युटीवरच्या सत्त्वशीला सिस्टरांनी तिच्या कपाळावरून हात फिरवत तिला सगळं समजावून सांगितलं. ताई, बोटाखाली एक पट्टी आहे. उत्तर हो असेल तर दाबायचं. नाही असेल तर काही करायचं नाही. घाई नाही.

डॉक्टर पलंगाशी बसल्या. आई उशाशी. दाजी दाराजवळ, भिंतीला टेकून.

"तुमचं नाव सुलक्षणा आहे का?"

रेघ सरळ होती. आम्ही थांबलो. सरळच राहिली.

मी मर्यादा खाली आणली. डॉक्टरांनी पुन्हा विचारलं. काही नाही. मी आणखी खाली आणली. वॉशिंग मशीनला आम्ही जी मर्यादा ठेवायचो, तिच्या कितीतरी खाली आता ही होती. इतक्या खाली मी कधीच गेलो नव्हतो. पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा काही नाही. दाजींनी तोंड फिरवलं.

आईला राहवलं नाही. ती ताईच्या कानाशी वाकली.

"सुलू, बाळ ठेवायचं ना गं?"

दिवा लागला.

स्वच्छ हिरवा, आणि क्षणभर नाही, चांगला टिकून. आई मटकन खुर्चीत बसली आणि पदर तोंडाला लावून हुंदके देऊ लागली. सिस्टरांचे डोळे भरून आले. दाजी वळले आणि म्हणाले, ठीक आहे. तिचं म्हणणं तेच असेल, तर तेच. मी आता काही म्हणणार नाही.

डॉक्टर माझ्याकडं बघत होत्या. "श्रीधर?"

मी स्क्रीनकडं बघत होतो. मला हवं ते उत्तर आलं होतं. आईला हवं ते आलं होतं, दाजींनी ते मानलंही होतं. त्या खोलीत ती रेघ वाचता येणारा माणूस मी एकटा होतो, आणि मला जे दिसलं ते न दिसतं तर बरं, असं मला वाटत होतं. तर्जनीखालची रेघ वर गेली होती खरी. पण बाजूच्या मोकळ्या चौकोनांच्या रेघाही तिच्याबरोबर वर गेल्या होत्या. त्यांवर कुणाचंच बोट नव्हतं.

आणि माझ्या पायाशी काहीतरी घुमत होतं. ताईला जखमा होऊ नयेत म्हणून तिच्याखाली हवेची गादी घातली होती. तिचा पंप थोड्या थोड्या वेळानं आपोआप सुरू व्हायचा, आणि गादी फुगली की तिच्याबरोबर हात, टॉवेल, बोर्ड सगळंच उचललं जायचं.

"ही ती नाही," मी म्हणालो.

कुणाला कळलं नाही. मी पुन्हा म्हणालो, "दिवा ताईनं लावलेला नाही. हा गादीचा पंप आहे."

आईनं पदर खाली घेतला. "तुला काय कळतंय? मी विचारलं आणि दिवा लागला. माझ्या डोळ्यांनी बघितलं."

मी तिला म्हणालो, थांब, आता कुणी काही विचारू नका. आम्ही गप्प उभे राहिलो. पंप मध्येच बंद झाला. पुष्कळ वेळ काहीच घडलं नाही. मग तो पुन्हा घुमायला लागला, आणि कुणी तोंडातून शब्द काढलेला नसताना दिवा लागला. तसाच हिरवा, तसाच टिकून.

आई त्याच्याकडं बघत राहिली. मग तिनं माझ्याकडं बघितलं. तसं तिनं माझ्याकडं आधी कधी बघितलं नव्हतं.

डॉक्टर उठल्या. त्यांचा चेहरा थकलेला होता. म्हणजे माझा भासच होता तर, त्या हळू आवाजात म्हणाल्या. प्रयत्न केलात, पुष्कळ झालं. सिस्टर बँडेज सोडायला पुढं झाल्या.

मी म्हणालो, जरा थांबा. का म्हणालो ते मलाही ठाऊक नव्हतं. हात रिकामे राहू नयेत एवढंच असेल. आधीच्या प्रश्नांच्या वेळची नोंद लॅपटॉपमध्ये होती, ती मी मागं नेऊन बघू लागलो. तर्जनीची रेघ सरळ होती, अगदी सरळ. पण तिच्या खाली आणखी एक फिकी रेघ असते. बोट नसताना चिपला जे दिसतं ते ती रेघ दाखवते. तिच्याकडं आम्ही सहसा लक्ष देत नाही, कारण ती चिप स्वतः सांभाळते. खोली तापली, दमट झाली, पॅनेलवर धूळ बसली, तर चिप तो फरक आपलासा करून घेते. जे हळूहळू बदलतं ते हवामान, जे झटकन बदलतं ते माणूस. चिपला शिकवलेलंच तसं असतं.

ती फिकी रेघ सरळ नव्हती. नाव विचारल्यावर दर वेळी ती वर चढली होती. भिंतीवर मुंगी चढावी तशी, पण चढली होती, आणि नंतर तितक्याच सावकाश उतरली होती. मोकळ्या चौकोनांच्या फिक्या रेघा जागच्या हलल्या नव्हत्या.

ताई दाबत होती. पहिल्या प्रश्नापासून दाबत होती. एवढ्या सावकाश, की चिपनं तिला हवामान समजून पुसून टाकलं होतं.

मी डॉक्टरांना स्क्रीनकडं बोट केलं आणि ती आपोआप सांभाळायची सोय बंद केली. सिस्टरांना पंप थोडा वेळ बंद ठेवता येईल का विचारलं. त्या म्हणाल्या, थोडा वेळ.

"तुमचं नाव सुलक्षणा आहे का?"

रेघ वाकली. आम्ही सगळे तिच्यावर ओणवे झालो होतो, दाजीसुद्धा. ती चढत राहिली, मध्ये दमल्यासारखी थांबली, पुन्हा चढली. बाकीच्या रेघा निपचित होत्या. दिवा लागला.

"तुमचं नाव शकुंतला आहे का?"

रेघ उतरली ती खालीच राहिली. आम्ही वाट बघितली. दिवा लागला नाही.

डॉक्टरांनी असेच आणखी काही प्रश्न उलटसुलट विचारले. एकही चुकला नाही. मग त्यांनी खुर्ची जवळ ओढली, ताईचा दुसरा हात हातात घेतला आणि मोठ्या प्रश्नाला सुरुवात केली. फुप्फुसातले जंतू, दोन्हीकडचा धोका, शनिवारची मुदत, सगळं त्यांनी साध्या शब्दांत तिला सांगितलं. पण प्रश्न पुरा व्हायच्या आतच दिवा लागला. त्या थांबल्या. तो विझला. त्यांनी पुन्हा सुरुवात केली, पुन्हा अर्ध्यातच लागला.

"तुम्हाला आधी काही सांगायचंय का?" त्यांनी विचारलं.

दिवा लागला.

मग अक्षरं म्हणायचं ठरलं. सिस्टरांनी शाळेत म्हणतात तशी मुळाक्षरांच्या रांगांची सुरुवातीची अक्षरं म्हटली, क, च, ट, त, प, प्रत्येकापाशी खूप वेळ थांबून. प ला दिवा लागला. मग प, फ, ब. ब ला लागला. पुन्हा पहिल्यापासून. दुसरं अक्षर ह. तिसरं र. एवढ्यालाच आमची दुपार गेली. मध्ये एकदा पंप सुरू करून तिला विश्रांती द्यावी लागली.

"बहर," आई म्हणाली. तिचा चेहरा पुन्हा उजळला. "बहर म्हणतेय ती. अजून काय सांगायचं माणसानं?"

काना-मात्रा आम्ही म्हटल्याच नव्हत्या. डॉक्टर मान तिरपी करून विचार करत होत्या.

"बाहेर?" त्यांनी विचारलं.

दिवा लागला.

"कुणी? मी जाऊ का बाहेर?"

काही नाही.

"सिस्टर?" काही नाही. "आई?" दिवा लागला. "विलासराव?" लागला. डॉक्टर जरा घुटमळल्या. "श्रीधर?"

रेघ चढायला लागली. मी तिच्याकडं बघत होतो. ती अर्ध्यात थांबावी असं मला वाटलं, आणि ती थांबली नाही.

मी सिस्टरांना दाखवून ठेवलं. बाजूच्या रेघा हलल्या तर तो दिवा मानायचा नाही. मग आम्ही तिघं बाहेर आलो आणि बाकड्यावर बसलो. मधे एक एक माणसाची जागा सोडून. दाराच्या काचेला आतून पडदा होता. आई जप करत होती पण मणी सरकत नव्हते. दाजींनी एकदाच तोंड उघडलं. म्हणाले, लग्नानंतर तिनं मला कधी कशातून बाहेर घालवलं नव्हतं.

उन्हं भिंतीवरून खाली उतरली तेव्हा दार उघडलं. डॉक्टर आमच्यासमोर उभ्या राहिल्या.

"निर्णय झालाय," त्या म्हणाल्या. "मी दोन्ही बाजूंनी विचारलं, मध्ये वेळ देऊन पुन्हा विचारलं, सिस्टर साक्षीला होत्या. तिला गर्भ ठेवायचा नाही. तिला कारण विचारायचं नाही. आता नाही, बरी झाल्यावरही नाही. तिनं स्वतः सांगितलं तर ऐकायचं."

दाजी दोन्ही हातांत तोंड धरून रडले. त्यांना हवं तेच झालं होतं, तरी रडले. आई उठली आणि माझ्यासमोर आली.

"तुझ्या यंत्रानं आधी हो म्हटलं होतं," ती म्हणाली.

त्यानंतर ती मला त्यावरून कधी रागावली नाही, आणि तो विषय कधी विसरलीही नाही. मी घरी गेलो की जेवायला वाढायची, विचारपूस करायची. पण ताईकडं पाळण्यातलं एखादं मूल आलेलं दिसलं की ती माझ्याकडं एकदा बघायची आणि आत जायची. आई वारली तोवर हे असंच चाललं.

ताई बरी झाली. आधी पापण्या आल्या, मग मान, मग खूप महिन्यांनी श्वासाची नळी निघाली. तिचा पहिला आवाज म्हाताऱ्या बाईसारखा घोगरा होता. उजव्या पावलात दोष राहिला तो राहिलाच. ती पुन्हा शाळेत रुजू झाली. पळत नाही, पण मैदानावर असते. मूल पुन्हा झालं नाही. ती आणि दाजी त्याबद्दल आपापसात काय बोलले ते मला माहीत नाही.

डॉक्टरांनी सांगितलं होतं तसं मी तिला काही विचारलं नाही. ती आपणहून बोलली ती आईच्या वर्षश्राद्धाला. विधी उरकून मी तिला सांगलीहून गाडीनं इस्लामपूरला सोडायला निघालो होतो. आम्ही आईबद्दलच बोलत होतो. ती हसत होती, आईच्या नकला करत होती. मग समोर बघत म्हणाली:

"तेव्हा माझा श्वाससुद्धा माझा नव्हता, श्री. तो मी दुसऱ्या कुणाला कुठून देणार होते?"

मी मान हलवली.

"तो पहिला दिवा लागला ना," ती म्हणाली, "तो मला दिसला नाही, पण आई रडायला लागली तेव्हा कळलं. मी आतून ओरडत होते. नाही, नाही, नाही. यांनीही मान्य केलं. मला वाटलं, संपलं. आता माझ्या नावानं ही माणसं काय वाटेल ते ठरवणार आणि मी इथं पडून ऐकत राहणार." तिनं पदर सारखा केला. "तुला काय हवं होतं ते मला माहीत होतं. रोज कानाशी येऊन बाळाचंच तर बोलायचास. तरी तू म्हणालास, ही ती नाही."

पुढं उसाची ट्रॉली होती. मी गाडी हळू केली.

"आजारी पडल्यापासून पहिल्यांदा त्या वेळी मला वाटलं, की मी अजून आहे."

आष्टा मागं पडलं होतं. ती खिडकीबाहेर बघू लागली.